यकृताची रजा

दिगंबर शेवड्यांच्या यकृताने मंगळवारी सकाळी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. अक्षर सुवाच्य होतं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : थकवा.

अर्ज शशिकलाबाईंच्या हाती पडला, कारण त्या घरातले सगळे कागद त्यांच्याच हाती पडत. नवरा अजून उठायचा होता. बावीस वर्षं तो रोज संध्याकाळी बाटली उघडत आला होता आणि सकाळचं सगळं त्या निस्तरत आल्या होत्या. त्या अर्ज घेऊन डॉक्टर काळसेकरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी चष्मा पुसून अर्ज वाचला. "रजा भरपूर शिल्लक आहे. पण बदली कुणी दिल्याशिवाय मंजूर कशी करू?" मग त्यांनी अमिनो आम्लाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. "अँटिऑक्सिडंट आहे. यकृताच्या हाताखाली काम करते."

कॅप्सूल दुपारीच रुजू झाली. यकृताने तिला काम समजावलं आणि ते मागच्या खोलीत खाटेवर जाऊन आडवं झालं.

दिगंबररावांना मात्र हुरूप चढला. "आता काय, मदतीला नवं माणूस आलंय!" म्हणत त्यांनी त्या संध्याकाळी दोन पेले जास्त घेतले.

पाचव्या दिवशी कॅप्सूलने शशिकलाबाईंना स्वयंपाकघरात गाठलं.

"बाई, माझी नेमणूक मदतनीस म्हणून आहे. इथे तर अख्खा कारभार माझ्या गळ्यात पडलाय. मला नाही झेपायचं."

शशिकलाबाईंनी नवऱ्याच्या कानावर घातलं. "उद्यापासून बंद," दिगंबरराव म्हणाले. "तुझी शपथ."

मागच्या खोलीतून यकृत हळूच म्हणालं, "वहिनी, हे आपण दोघांनी किती वेळा ऐकलं असेल हो?"

शशिकलाबाई जाऊन खाटेच्या कडेला टेकल्या. मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि यकृताकडून मजकूर विचारून घेतला.

"तुमच्या जागी द्यायला माझ्याकडे काही नाही," शशिकलाबाईंचा स्वतःचा रजेचा अर्ज वाचून डॉक्टर म्हणाले. "औषधांत तसं अजून निघालेलं नाही."

"मग बिनपगारी द्या."

"आजवर पगारी होती का नोकरी?"

"नाही."

डॉक्टरांनी सही केली.

गुरुवारी त्या बहिणीकडे निघाल्या. यकृताला त्यांनी शालीत नीट गुंडाळून घेतलं होतं. दिगंबरराव दारात उभे राहिले. अंगाने उतरलेले दिसत होते. "अगं, आणि माझं काय?"

"कॅप्सूल फडताळात आहेत. पाण्याबरोबर घ्या," त्या म्हणाल्या. मग पायरीवरून वळून पुन्हा म्हणाल्या, "साध्या पाण्याबरोबर."

एसटीत कंडक्टर आला. "कुठं?"

"गुहागर. दोघं."

त्याने शाल जराशी बाजूला करून पाहिलं, एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं आणि पुढच्या बाकाकडे गेला. घाट लागायच्या आत दोघांनाही गाढ झोप लागली होती.