शिमोनभाऊंचा विसावा

श्रीरामपुरात माणसे दमली की खाट धरतात. आमचे शेजारी शिमोनभाऊ दमले की कुदळ धरतात. कारण ते विचार करून दमतात आणि खणून विसावा घेतात.

गेल्या नाताळात चर्चच्या जेवणात कोणाला कुठे बसवायचे, हे ठरवण्याचे काम त्यांच्यावर आले. दोन व्याही एकमेकांवर रुसलेले, तिसऱ्याला मानाची जागा हवी. शिमोनभाऊंच्या कपाळावर घाम डवरला. मग त्यांनी सारी बाकडी एकट्याने उचलून बाहेर नेली आणि सर्वांना जमिनीवर बसवले.

"बाकडी उचलाया पाठ लागती, गुरुजी. मान्सं बसवाया डोकं लागतं. पाठ झोपली की बरी हुती!"

रुसलेले व्याही मांडीला मांडी लावून जेवले.

एकदा मी त्यांच्यापुढे वर्तमानपत्रातले शब्दकोडे ठेवले. पहिल्याच आडव्या शब्दाला ते उठले आणि माझी लाकडे फोडू लागले.

"अहो, शब्द?"

"तुमी शोधा. मी हलकं काम करतो."

पुढे त्यांच्या पत्नीला, मार्थावहिनींना, अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. होकारासाठी त्या आता पापण्या मिटतात, नकारासाठी मान हलवतात. तेव्हापासून गल्लीत एक कथा रूढ झाली आहे. "बायकोकडं बघवत न्हाई म्हनून खनत बसतो! घरात ठरतो का कधी?" ही कथा साफ खोटी आहे. त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी राहतो. सांगणारे राहत नाहीत.

परवा सायंकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वहिनींचा हात काहीतरी सांगत होता आणि शिमोनभाऊ खाटेशी बसून ते शोधत होते.

"पानी? न्हाई. खिडकी लावू? चादर? पोरीला फोन?"

मान हलतच होती. भाऊंच्या कपाळावर नाताळातलाच घाम होता. कुदळ दाराआड उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले. उठले मात्र नाहीत.

"भाऊ, जरा दम घ्या," मी म्हणालो.

"गप ऱ्हावा, गुरुजी. ती सांगतीया."

वहिनींची बोटे ओट्यावरच्या झाकलेल्या ताटाकडे वळली.

"भूक? पन तू तर आत्ताच खाल्लं." ते थबकले. "मग मी? मी जेवलो का?"

वहिनींनी पापण्या मिटल्या.

"न्हाई, मार्था. बसतो आता."

जेवण झाल्यावर परसातून कुदळीचे घाव ऐकू येऊ लागले. त्या आवाजाला जे पलायन म्हणतात, त्यांनी आधी त्या खाटेशी एक संध्याकाळ बसून दाखवावे.