जजसाहेबांच्या पसंतीचा रंग

नकार देण्याचा हक्क सगळ्यांनाच असतो. मतदार उमेदवाराला नाकारतो, नवरी स्थळ नाकारते, विमा कंपनी सगळ्यांनाच नाकारते. पण छोट्या तळ्यातला मोठ्या तोंडाचा बास मासा हा हक्क ज्या निष्ठेने बजावतो, ती निष्ठा माणसांत उरलेली नाही. मोठ्या सरोवरातला बास स्वभावाने उथळ असतो. समोर काही चकाकलं की तोंड उघडतो. छोट्या तळ्यातल्या बासने मात्र तीच माणसं, तेच बूट आणि तीच आमिषं वर्षानुवर्षं पाहिलेली असतात. त्यामुळे त्याला स्वतःची मतं असतात.

अमेरिकेत, आमच्या मिसूरीत, हॅकलटन गावाबाहेर, वेंडेल क्रॅबच्या घरामागच्या तळ्यात असाच एक मासा राहत असे. त्याला सगळे जजसाहेब म्हणत, कारण समोर आलेला प्रत्येक अर्ज ते न वाचता फेटाळत. कधीतरी संध्याकाळी पाण्यात खळबळ व्हायची, दोरी ताणायची, तुटायची आणि आमिष सरकारजमा व्हायचं. प्रत्यक्ष दर्शन मात्र कोणालाच झालं नव्हतं. (मोठ्या पदावरच्या व्यक्तींच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे.)

अशा माशासाठी आमिष निवडणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. त्याला समिती लागते. अध्यक्ष होते निवृत्त पोस्टमास्तर क्लाइड बार्नहार्ट. दुसऱ्यांची पाकिटं उजेडाकडे धरून बघण्यात त्यांचा जन्म गेल्यामुळे त्यांना रंगछटांची जाण होती. सभासद दोन. एक खुद्द वेंडेल. दुसरा त्याचा मेहुणा लेस्टर, ज्याला दिवसभर बसायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

समितीचं कामकाज वेंडेलच्या शेडमध्ये चाले. शेडच्या चारही भिंतींवर आमिषं टांगलेली होती: रबरी अळ्या, लाकडी बेडूक, पत्र्याचे चमचे, झालरी लावलेले नाचरे प्रकार, आणि एक प्लास्टिकचं बदकाचं पिल्लू, ज्याच्याकडे बघून लेस्टरलाच भूक लागत असे. खरी गांडुळं ओपलच्या, म्हणजे वेंडेलच्या बायकोच्या, वाफ्यात वाटेल तेवढी मिळत. ती कोणालाही मिळत असल्यामुळे समितीने विचारात घेतली नाहीत.

धोरण स्पष्ट होतं. पाणी गढूळ असेल तर गडद आमिष, नितळ असेल तर फिकट. आकाश भरून आलं असेल तर काळं-निळं, ऊन असेल तर भोपळी, म्हणजे भोपळ्याच्या सालीसारखं, हिरवं, ऊन-सावली असेल तर घरात जाऊन दुसरी पेटी आणावी. पाणी गढूळ की नितळ यावर एकमत न झाल्यास अध्यक्षांनी चष्मा पुसावा आणि बैठक तहकूब करावी. समितीच्या अंदाजानुसार जजसाहेबांच्या नकारांपैकी निम्मे रंगामुळे, एक तृतीयांश आकारामुळे आणि उरलेले लेस्टरच्या शिंकांमुळे होते.

गळ पाण्यात पडण्याचं प्रमाण अल्प होतं. निवड पुरी होईपर्यंत उजेड बदलायचा, आणि निवड पुन्हा करावी लागायची.

इकडे घरात ओपलची अडचण वाढत चालली होती. नात मेवीसचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं (हरणांच्या शिकारीचा हंगाम संपल्यावर, आधी ठेवलं असतं तर नवरदेव आला नसता). लग्नाची गोधडी आजीने करायची ही घरची रीत. गोधडीची चौकट जेवणाच्या टेबलावर, छताला दोरांनी टांगलेली होती. त्यामुळे सगळं कुटुंब मान खाली घालून बीन्स आणि मक्याचा पाव खात असे. पाहुण्यांना वाटे, घर फार धार्मिक आहे.

"वेंडेल," ओपल चौकटीखाली वाकून म्हणाली, "मला शेड पाहिजे."

"अगं, समितीचं काम चालू आहे तिथे."

"काम? तीन म्हातारे रबराच्या अळीला 'तू फिकट की गडद' विचारत बसता, ते काम?"

"मी म्हातारा नाही, ताई," लेस्टर म्हणाला.

"तू गप. तू तर माझ्या लग्नापासून पाहुणा आहेस."

शेवटी करार झाला. सप्टेंबरातल्या कामगार दिनापर्यंत जजसाहेब गळाला लागले तर शेड कायमची वेंडेलची. नाही लागले तर भिंती मोकळ्या करायच्या, आणि चौकट तिथे जायची. वेंडेलने हात मिळवण्याआधी अटी दोनदा म्हणवून घेतल्या. पोरांची लग्नं लावताना त्याने एकदाही काही विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पावसाने पाठ फिरवली. तळं काठ सोडून आत सरकू लागलं. समिती डगमगली नाही. पाणी कमी, तर आमिष लहान, असा ठराव झाला. मग पाणी गुडघ्याएवढं राहिलं, तेव्हा आणखी लहान. ऑगस्ट सरता सरता तळ्याचं डबकं झालं, आणि समिती नखाएवढ्या आमिषांवर भिंग धरून चर्चा करू लागली.

"दाजी, एक विचारू?" लेस्टर म्हणाला. "एवढ्याशा पाण्यात एवढा मोठा मासा दिसत कसा नाही?"

"संयम," वेंडेल म्हणाला. "त्याच्याकडे आहे. आपल्याकडेही पाहिजे."

अध्यक्षांनी याला अनुमोदन दिलं.

कामगार दिनाच्या सकाळी तळ्यात पाणी उरलं नाही. सगळे काठावर उभे होते. ओपलने खुर्ची आणली होती. मधोमध चिखल हलला आणि त्यातून ट्रकच्या चाकाएवढं एक चावरं कासव वर आलं. त्याच्या पाठीला, मानेला, शेपटीला आमिषं लटकत होती. त्यांत भोपळी हिरवी होती, काळी-निळी होती, वेंडेलचा लाडका लाल बेडूक होता. नवरदेवासारखं नटलेलं ते कासव खुळखुळत काठ चढलं, ओपलच्या खुर्चीला वळसा घालून रस्ता ओलांडून गेलं आणि शेजाऱ्याच्या तळ्याकडे दिसेनासं झालं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"मासा नव्हताच," ओपल म्हणाली. "कधीच नव्हता."

समितीने काठावरच तातडीची बैठक घेतली. पुष्कळ आमिषं नाकारणारा मासा चोखंदळ असतो हे मान्यच होतं. जो मासा सगळीच आमिषं नाकारतो तो अधिक चोखंदळ. त्या हिशेबाने, जो मासा तळ्यात राहणंच नाकारतो तो चोखंदळपणाचा कळस म्हणायला हवा. ठराव एकमताने मंजूर झाला. कासवाच्या प्रदीर्घ सेवेबद्दल आभार मानण्यात आले.

"आभार झाले?" ओपल म्हणाली. "आता भिंती मोकळ्या करा."

वेंडेल शब्दाला जागला. त्याने डोळ्यांना पाणी येऊ दिलं नाही, फक्त टोपी खाली ओढली. चौकट शेडमध्ये गेली, आणि घरातली माणसं पहिल्यांदाच ताठ मानेने जेवली. आमिषं पेट्यांत भरण्याचं काम ओपलने स्वतःकडे घेतलं, कारण पुरुषांना सांगितलं असतं तर त्यांनी एकेकाचा निरोप घेतला असता.

ओपलला रंगांची नजर होती. तिच्या तीन ट्रंका गोधडीच्या चिंध्यांनी भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा योग्य जागा सापडेपर्यंत कापायच्या नाहीत असं तिचं धोरण होतं. पहिली पेटी भरताना तिने एक झालरीचं आमिष खिडकीकडे धरलं. मग एक हिरवी चिंधी त्याच्या शेजारी धरली.

"वेंडेल! इकडे ये. हे तुम्ही भोपळी हिरवं म्हणून वापरत होता?"

"हो. का?"

"अरे, हे गवती आहे! भोपळी असं असतं का? आणि झालर कोणी बसवली? पिवळट हवी होती. मला वाटलंच होतं, तुम्हा लोकांना रंग कळत नाही."

लेस्टर म्हणाला, "ताई, पण मासाच नव्हता ना?"

"गप बस. उजेडातून बाजूला हो."

ऑक्टोबरात पाऊस झाला आणि तळं भरलं. ओपल काठावर उभी राहून गळ टाकत होती. गळाला तिने स्वतः बांधलेली झालर होती. वेंडेल हळूच मागे येऊन उभा राहिला.

"अगं, तूच म्हणालीस, यात मासा कधीच नव्हता."

"योग्य रंग होता कुठे आत्तापर्यंत?" ओपल म्हणाली.

डिसेंबरात मेवीसचं लग्न थाटात झालं. आजीकडून तिला टोस्टर मिळाला. गोधडी जवळजवळ पूर्ण आहे. फक्त काठाचा रंग ठरायचा आहे, आणि तो विषय समितीपुढे आहे. ओपल आता अध्यक्ष आहे.

गळाच्या झालरीसाठी तिने शेवटी कोणता रंग निवडला, हे इथे दिलेलं नाही. तळ्यात मासा नाही हे पक्कं ठाऊक असूनही ज्यांना तो रंग समजल्याशिवाय चैन पडणार नाही, त्यांनी मागची पानं पुन्हा चाळायची गरज नाही. शेडमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली आहे. फक्त उजेड अडवू नये.