घर काँप्युटरात हाय

"चित्र असं झालं पाहिजे, की बघणाऱ्याला फोटोच वाटावा," असं श्रीलक्ष्मी मॅडम आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगून बसल्या आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

गोष्ट २००७ सालची, गुलबर्ग्याची. कॉलेजात इमारतीचं मॉडेल पुठ्ठ्याऐवजी काँप्युटरवर करायला शिकवणं नुकतंच सुरू झालं होतं. लॅबमध्ये काँप्युटर नऊ, त्यातले चालू सात आणि मुलं अठरा. श्रीलक्ष्मी मॅडम हैदराबादच्या एका ऑफिसात दोन वर्षं हेच काम करून आल्या होत्या. वय सव्वीस, उत्साह भरपूर. त्यांनी मुलांना पहिलं मोठं काम दिलं. आपापल्या घराची टेपनं मापं घ्यायची आणि त्याच जागेवर, आपल्याला हवं तसं नवं घर काँप्युटरवर उभं करायचं.

निर्णा गावच्या तुळजानं हे काम फारच मनावर घेतलं. तिचे वडील पिराप्पा मेंढरं राखायचे आणि थोडी कोरडवाहू जमीन बघायचे. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं मेंढरं कोंडायचं कुंपण. तुळजानं त्या जागेवर दुमजली घर उभं केलं. गच्ची, जिना, निळ्या काचेच्या खिडक्या. मागं गावचाच कडुलिंब, बाजूला शेजाऱ्याची खरीखुरी भिंत. "चित्रात माणूस घाला, म्हणजे उंचीचा अंदाज येतो," असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा तिनं आईचा एक फोटो कापून तिला पायरीवर बसवलं. हे चित्र तयार करायला काँप्युटरनं सहा तास घेतले. मॅडमना ते इतकं आवडलं, की त्यांनी स्वतः बाजारात जाऊन त्याची मोठी रंगीत प्रिंट काढून आणली.

ती प्रिंट तुळजानं सुट्टीत घरी नेली, कारण तिची आई बाणूबाई दर वेळी विचारायची, "दिवसभर काय करायलीस कॉलेजात, दाव की एकदा." बाणूबाईनं प्रिंट निरखली, पायरीवर बसलेल्या स्वतःकडं बघितलं, "लुगडं कसं बराबर आलंय बघ," म्हणाली आणि प्रिंट पिशवीत घातली. पुढच्या आठवड्यात ती कोहिनूर गावाला एका लग्नाला गेली, तेव्हा पिशवीही बरोबर गेली.

बाणूबाई तिथं काही खोटं बोलली नाही. "आमच्या तुळजानं केलंय हे घर. कॉलेजात शिकवतेत," एवढंच ती म्हणाली. पण ऐकणाऱ्यांत कोहिनूरचे शंकरप्पा होते. त्यांची लेक मनीषा आणि तुळजाचा मोठा भाऊ भीमाशंकर यांच्या सोयरिकीचं बोलणं तेव्हा चालू होतं. शंकरप्पांनी प्रिंट हातात घेतली. दुमजली घर आणि पायरीवर साक्षात बाणूबाई. यापेक्षा मोठा पुरावा काय असतो?

चारच दिवसांत निर्ण्याच्या किराणा दुकानात त्यांचा फोन आला. पिराप्पाला शेतातून बोलावून आणलं.

"पाव्हणं, घर बघायला यावं म्हणायलाव," शंकरप्पा म्हणाले.

"कोणचं घर?"

"फोटूतलं वो."

पिराप्पा गडबडला. "ते इथं न्हाई. ते गुलबर्ग्याला हाय."

"गुलबर्ग्यात कुठं?"

"काँप्युटरात."

शंकरप्पांना वाटलं, एखादं नवं नगर असेल. गुलबर्ग्याच्या चारी बाजूंनी त्या वेळी रोज एक नवं नगर निघत होतं. "मग रविवारी आम्ही सरळ तिकडंच येताव. क्रूझर गाडी करताव. तुमी बी या."

"तसं न्हाई वो, माझं ऐका जरा..." पिराप्पा म्हणाला, पण लाईन गेली होती. परत लावला, तर शंकरप्पा क्रूझर ठरवायला निघूनही गेले होते.

बापाचा फोन आला तशी दुसऱ्या दिवशी तुळजा लॅबमध्ये मॅडमपुढं उभी राहिली. डोळे लाल.

"मॅडम, आमच्या अण्णाची सोयरीक मोडायलीय. आन् ती मीच मोडले."

सगळी हकिकत ऐकून श्रीलक्ष्मी मॅडमना आधी हसू आलं, मग घाम फुटला. फोटो वाटला पाहिजे हा हट्ट त्यांचा होता. आईला पायरीवर बसवायची युक्तीही त्यांचीच. प्रिंट तर त्यांनीच काढून आणलेली.

"तू रडू नकोस. रविवारी लॅब मी उघडते," त्या म्हणाल्या. "पाहुणे आले, की पहिलं वाक्य मी बोलणार. हे घर अजून बांधलेलं नाही, हे चित्र आहे, असं स्पष्ट सांगून टाकते."

हे वाक्य त्यांनी मराठीत, कन्नडमध्ये आणि खबरदारी म्हणून हिंदीतही घोकून ठेवलं.

रविवारी सकाळी पिराप्पा, बाणूबाई आणि भीमाशंकर बसनं आले. पिराप्पाचा पटका नवा होता, चेहरा मात्र दवाखान्यात आल्यासारखा. अकराच्या सुमाराला क्रूझर आली आणि तिच्यातून एकामागून एक चौदा माणसं उतरली. सगळ्यांत शेवटी शंकरप्पांची आई, चन्नव्वा. कमरेत वाकलेली, पण नजर अशी, की तिनं बघितल्यावर कॉलेजच्या कमानीनंही सरळ उभं राहावं.

लॅबच्या दारावर पाटी होती, चपला बाहेर काढाव्यात. धूळ आत येऊ नये म्हणून ती लावली होती. चन्नव्वानं ती शंकरप्पांकडून वाचून घेतली आणि मान डोलावली. "घरची रीत चांगली हाय."

"आजी, एक सांगायचं होतं," मॅडमनी सुरुवात केली. "हे घर अजून..."

पण घाबरलेल्या तुळजानं तोवर काँप्युटर चालू केला होता आणि पडद्यावर घर उभं राहिलं होतं.

"आगं बाई!" चन्नव्वा ओरडली. "घर टीव्हीवर आलंय!"

झालं. टीव्हीवर आलेलं घर म्हटल्यावर चौदाच्या चौदा माणसं पुढं सरकली आणि मॅडमचं वाक्य तिन्ही भाषांत राहून गेलं. "आत जाऊ द्या की," कोणीतरी म्हणालं. तुळजानं माऊस धरला. घाईत तिनं तो इतका जोरात सरकवला, की दारातून जायच्या ऐवजी सगळे दाराशेजारच्या भिंतीतून आत शिरले.

"भिंत कच्ची हाय," शंकरप्पांचा भाऊ हळूच म्हणाला.

बैठकीची खोली झाली. स्वयंपाकघर झालं. जिन्यावरून सगळी वरात वर गेली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं खरोखरच खुर्चीच्या पाठीला धरलं. गच्चीवरून लिंबाचं झाड दिसलं. पाहुणे खूश होते. चन्नव्वाची नजर मात्र काहीतरी शोधत होती.

"आता खाली चल," ती तुळजाला म्हणाली. "अंगणात. आता मागं फिर. आता त्या बाजूला." तुळजानं घराला पूर्ण प्रदक्षिणा घातली.

"मेंढरं कुठं हाईत?" चन्नव्वानं विचारलं.

सगळे पडद्यावर मेंढरं शोधायला लागले.

"ऐंशी मेंढरं हाईत म्हणून सांगितलाव तुमी. ती कुठं बांधायचीत? गच्चीवर?"

तुळजाची मान खाली गेली. वर्गातल्या इतर मुलांच्या चित्रांत मोटारी होत्या, झोपाळे होते. मेंढरांचं कुंपण तिनं पहिल्याच दिवशी पुसून टाकलं होतं. मॅडमनीही कधी विचारलं नव्हतं. तीन महिने त्या हे घर रोज बघत होत्या, खिडक्यांच्या निळ्या रंगावर तासभर बोलल्या होत्या, पण या घरातली माणसं जगतात कशावर, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच आला नव्हता.

"म्या पयल्या दिवशीच बघितलो," पिराप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "फोटूत मेंढरं न्हाईत. पर लेकीनं येवढ्या हौसेनं केलंय, कामून बोलावं म्हणून गप बसलो."

तुळजानं बापाकडं बघितलं. मग खुर्ची ओढून ती काँप्युटरसमोर नीट बसली. घराच्या उगवतीला तिनं कुंपण घातलं, त्यावर अर्धं छप्पर टाकलं, पाण्याचं टाकं ठेवलं. मग एक लांबट गोळा, चार काड्या आणि एक डोकं जोडून मेंढरू केलं.

"ही शेळी हाय," चन्नव्वा म्हणाली.

"कान खाली पाड की," मागून आवाज आला. मनीषा होती. इतका वेळ ती पदर सावरून कोपऱ्यात उभी होती, ती आता थेट तुळजाच्या खुर्चीला टेकली. "आपली मेंढरं कान उभं करत न्हाईत. आन् लोकर कुठाय?"

तुळजानं कान पाडले. मॅडमनी लोकर कशी उगवायची ते दाखवलं. काळी, दाट, केसन् केस वेगळा. मनीषानं पाठीवरची थोडी कमी करायला लावली. "कातरून महिना झालाय समज," ती म्हणाली. आता मेंढरू असं दिसायला लागलं, की चन्नव्वानं पडद्यावरून बोट फिरवून बघितलं.

"ब्येस. आता ऐंशी कर."

"तुळजा, थांब, एवढी लोकर असताना..." मॅडम म्हणेपर्यंत तुळजानं ऐंशी आकडा टाकून बटण दाबलं होतं.

काँप्युटर घुरघुरला. पडद्यावर मेंढरांची पहिली ओळ उमटली, दुसरी अर्धी उमटली आणि सगळं जागच्या जागी थिजलं. माऊस हलेना.

"दाटी झाली," चन्नव्वा म्हणाली.

मग पडदा निळा झाला, मग काळा. घर गेलं, गच्ची गेली, लिंब गेला आणि अजून पुरती न जन्मलेली मेंढरंही गेली.

"घर कुठं गेलं?" शंकरप्पांनी विचारलं.

मॅडमनी तोंड उघडलं, पण पिराप्पानं त्यांना हातानं थांबवलं. तो खुर्चीत बसला आणि पटका काढून मांडीवर ठेवला.

"पाव्हणं, घर नव्हतंच. हे लेकीनं शिकायला केलेलं चित्तर हाय. माझ्या पत्र्याच्या दोन खोल्या हाईत. पाऊस आला की एक गळतीय. मेंढरं तेवढी खरी हाईत. फोनवर सांगायला गेलो, लाईन तुटली. मागनं येऊन सांगायचं होतं, ते धाडस झालं न्हाई. चूक माझी. लेकीची न्हाई, मॅडमची बी न्हाई."

भीमाशंकर खिडकीबाहेर बघत राहिला. बाणूबाईनं तोंडाला पदर लावला. शंकरप्पांनी टॉवेलनं कपाळावरचा घाम पुसला. पंखा तर डोक्यावर चांगला फिरत होता.

"मग आता माझं बी ऐका," ते म्हणाले. "तुमाला मनीषाचा फोटू धाडला होता न्हवं, तिच्या मागं ट्रॅक्टर हाय बघा. तो आमचा न्हाई. उरूस बघायला आलेल्या कुणाचा तरी होता. फोटूवाला म्हणाला, पुढं हुबी रहा, शोभा येतीय."

पिराप्पा ताडकन उठला. मांडीवरचा पटका खाली पडला.

"आवो, काय बोलायलाव! त्या ट्रॅक्टरच्या भरवशावर म्या परवाच्या बाजारात बैलजोडी इकलो की!"

आधी मनीषा हसली. तिला बघून तुळजा, मग भीमाशंकर, आणि मग अख्खी क्रूझर. मॅडमना हसू आवरेना म्हणून त्यांनी टेबलाचा आधार घेतला. हसली नाही ती फक्त चन्नव्वा. सगळे दमून गप्प होईपर्यंत ती थांबली आणि पिराप्पाला म्हणाली,

"पेरणीला आमचे बैल घेऊन जा. फोटूवाल्यानं त्यांना बाजूला सरकवलं होतं."