पंच्याहत्तर टक्के फरक

माणसाला गुडघे जन्मतःच दोन मिळत असले, तरी त्यांच्यावरचा त्याचा हक्क साठीपर्यंतच अबाधित राहतो. साठीनंतर ते प्रथम कुटुंबाच्या, मग भावकीच्या आणि शेवटी सबंध गावाच्या अखत्यारीत जातात. नेकनूरचे किराणा व भुसार व्यापारी सिद्धलिंगअप्पा यांचे गुडघे या रीतीप्रमाणे गेल्या वर्षी सार्वजनिक झाले.

आजार काही नवलाचा नव्हता. गुडघ्यातली कूर्चा झिजली होती, हाडाला हाड घासत होतं आणि उठताबसता आवाज येत होता. अप्पांच्या पत्नी महादेवीबाई यांना हाच त्रास दहा-बारा वर्षं आधीपासून होता. परंतु बाईमाणसाचे गुडघे दुखणे हा आजार नसून स्वभाव आहे, असं घरोघरी मानलं जात असल्यानं त्याची कुठे दखल घेतली गेली नव्हती.

अप्पांचं दुखणं मात्र धंद्याच्या मुळावर आलं होतं. त्यांच्या दुकानात गादी होती. पांढरी चादर, पाठीशी लोड, बाजूला काटा. या गादीवर जो मांडी घालून बसेल तो मालक, आणि गादीवरून बोलला जाईल तो भाव, असा त्या दुकानाचा तीन पिढ्यांचा कायदा. उभ्यानं सांगितलेल्या भावात गिऱ्हाईक घासाघीस करतं. गादीवरून आलेल्या भावाला मात्र मान डोलावून पिशवी पुढे करतं. अप्पांचे चिरंजीव बसवेश वाणिज्य शाखेचे पदवीधर असूनही त्यांना तुरीच्या डाळीचा भाव कधी एका दमात सांगता आला नव्हता, कारण ते उभे असत.

बसवेशनं यावर आधुनिक तोडगा काढला होता. गादी काढायची, काचेचं काउंटर टाकायचं आणि मागे फिरती खुर्ची ठेवायची. खुर्चीवर अर्थातच बसवेश बसणार होता. अप्पांसाठी दाराजवळ प्लास्टिकची एक वेगळी खुर्ची योजली होती, जिथून रस्ता चांगला दिसतो. (ज्या खुर्चीतून फक्त रस्ता दिसतो, ती खुर्ची माणसाला कशासाठी देतात हे अप्पांना कळत होतं. त्यांना त्या खुर्चीची धास्ती वाटत होती.) शेवटी बापलेकात ठरलं, की अक्षय तृतीयेला, म्हणजे बसवजयंतीच्या मुहूर्तावर, अप्पा पूर्वीसारखे मांडी घालून गादीवर बसले तर गादी राहील. नाही बसले तर काउंटर येईल.

अशा वेळी अप्पांचा पुतण्या मृत्युंजय धावून आला. मृत्युंजयचं औषधाचं दुकान असल्यानं घरात त्याला अर्धा डॉक्टर मानत. बीडला एका मंगल कार्यालयात पुण्याच्या डॉक्टरांचं शिबिर होतं. विषय होता ऑपरेशनशिवाय गुडघेदुखीवर मूलपेशींचं इंजेक्शन. कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, तिच्यातल्या पेशी यंत्रात घुसळून वेगळ्या करायच्या आणि गुडघ्यात सोडायच्या. या पेशी कोऱ्या असतात, मृत्युंजय म्हणाला, जिथं सोडाल तिथलं काम शिकतात.

"माझं पोरगं पाच वर्सं पुण्याला ठिवलं," अप्पा म्हणाले, "ते न्हाई तिथलं काम शिकलं. मग कंबरंतली पेशी गुडघ्यात जाऊन कावून शिकंल?"

हा प्रश्न तांत्रिक असल्यानं तो बाजूला ठेवण्यात आला. अप्पांच्या आत्या चंद्रभागाबाई यांनी पेशी नेमक्या कोणाच्या, अशी शंका काढली. परक्याच्या निघाल्या आणि तो मांसाहारी असला तर घराण्याच्या गुडघ्यांचं काय, असं त्यांचं म्हणणं. पेशी अप्पांच्या स्वतःच्याच असणार असं कळल्यावर त्यांनी मंजुरी दिली.

शिबिर अत्यंत शिस्तबद्ध झालं. पडद्यावर झिजलेल्या गुडघ्यांची चित्रं दाखवली, मग धावणाऱ्या परदेशी म्हाताऱ्यांची. ही पद्धत अजून अभ्यासाधीन असून सर्वांना गुण येईलच असं नाही, हेही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. (त्याच वेळी चहा आला.) यथावकाश अप्पांना इंजेक्शन झालं. निघताना डॉक्टरांनी सूचना दिल्या. वजन उतरवा. रोज चाला. आडवं पडून पाय उचलण्याचा व्यायाम करा. जिना टाळा, संडासला खुर्ची घ्या, आणि यापुढे मांडी घालून बसायचं नाही.

इतकं सगळं केल्यावर इंजेक्शनाला करण्यासारखं काय उरतं, हे विचारणं उद्धटपणाचं झालं असतं. अप्पांना एवढंच समजलं, की ज्या कामासाठी गुडघे दुरुस्त करून घेतले ते काम सोडून बाकी सगळी कामं आता त्यांना करता येतील.

घरी आल्यावर लोक विचारू लागले, किती फरक पडला? इथे नेकनूर परिसरातली फरकाची कोष्टकं समजून घ्यायला हवीत. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेणाऱ्याला शून्य टक्के फरक पडतो. बीडच्या खासगी डॉक्टरांकडे तीस टक्के पडतो, लातूरला पन्नास. पुण्याच्या डॉक्टरांनी हात लावला, की पंच्याहत्तरच्या खाली कोणी येत नाही. (शंभर टक्के कोणीच सांगत नाही, दृष्ट लागते.) घरच्यांनी एवढा खर्च केल्यावर पन्नास टक्के सांगणं हा कृतघ्नपणा समजतात.

"पंच्याहत्तर टक्के," अप्पा म्हणाले.

अक्षय तृतीया उजाडली. बसवेश्वरांच्या प्रतिमेला हार घातला, पेढे आले, गिऱ्हाईक जमलं. चौसाळ्याकडून मेंढरं घेऊन आलेला बिभीषण, अप्पांचं जुनं गिऱ्हाईक, काठी टेकून सर्वांत पुढे उभा राहिला, कारण त्याचेही गुडघे गेले होते आणि त्याला निकाल पाहायचा होता. अप्पांनी लोडाला हात लावला, दातावर दात दाबले आणि खाली गेले. एक पाय दुमडला, दुसरा हातानं ओढून दुमडला. मांडी पडली. बसवेशचा चेहरा पडला. अप्पांनी तुरीचा भाव सांगितला आणि बिभीषणनं पिशवी पुढे केली.

अडचण आरतीच्या वेळी लक्षात आली. अप्पांनी उठायचं ठरवलं, पण गुडघ्यांनी ठरवलं नव्हतं.

"आरती हितूनच ओवाळतो," अप्पा म्हणाले.

जेवणाची वेळ झाली. "ताट हितंच आणा. गादी सोडायची न्हाई आज." पाणी मात्र त्यांनी दिवसभर घेतलं नाही. (त्यामागचा दूरदर्शीपणा कोणाच्या ध्यानात आला नाही.) उन्हं कलली तरी अप्पा जागचे हलले नाहीत. गावात बातमी फिरली. चांगल्या गुडघ्यांची माणसंसुद्धा एवढा वेळ बसत नाहीत, असा मुद्दा कोणीतरी मांडला आणि तो बिनतोड ठरला.

"सकाळपून बघतोय," बिभीषण शेजारच्याला म्हणाला, "मानूस हाललं न्हाई. औशीद लई जालीम हाय बे."

बसवेशनं काउंटरवाल्याला फोन करून ऑर्डर रद्द केली. संध्याकाळपर्यंत मृत्युंजयकडे पुढच्या शिबिरासाठी इतक्या लोकांनी नावं दिली, की त्याला दुकानातलं गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं.

दुकान बंद व्हायच्या वेळी महादेवीबाईंनी बसवेशला पेढे वाटायला पिटाळलं, शटर अर्धं ओढलं आणि त्या गादीपाशी आल्या.

"उठता येईना व्हय?"

अप्पांनी मान हलवली. महादेवीबाईंनी नवऱ्याला कुशीवर लोटलं, कोपरावर आणलं, गव्हाच्या पोत्याला धरायला लावलं आणि काखेत हात घालून वर ओढलं. ओढताना त्यांच्याच गुडघ्यांतून असा कडाड आवाज आला, की अप्पा दचकले. हा आवाज ते दहा-बारा वर्षं ऐकत आले होते; दाराच्या बिजागरीचा असेल असं त्यांना वाटायचं. अप्पांना लाज वाटली. त्या रात्री भाकरीबरोबरचं पाणी त्यांनी जेवायच्या खुर्चीवरून स्वतः उठून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बसवेश आनंदानं म्हणाला, की पुढच्या शिबिरात आईचं नाव घातलंय. मोठी सुई, कंबरेचं हाड, सगळं तेच. अप्पांपुढे पेच पडला. गादी राखायची तर गप्प बसायचं. बोलायचं तर गादी जाणार. माणूस वाईट नव्हता. दुकानात गर्दी असताना त्यांनी घसा साफ केला.

"ऐका. मला काडीचा फरक पडला न्हाई. काल मला उठताच येईना, म्हून बसून ऱ्हायलो. हिला ते नको टोचायला."

मग लोकांनी या निवेदनाची रीतसर छाननी केली. जो माणूस आठ-नऊ तास मांडी मोडत नाही, तो फरक नाही म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत असला पाहिजे. खोटं बोलतो म्हणजे कारण असलं पाहिजे. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

"सवताला पुण्याचा डाक्टर," चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आन् बायकूची पाळी आली की फरक न्हाई व्हय? एवढी चिक्कू मानसं आमच्या घरात नव्हती."

बसवेशचे डोळे भरून आले. "अप्पा, आईसाठी खर्च करताना तुमचा हात आखडावा, याचं वाईट वाटलं," तो म्हणाला. बिभीषणनंसुद्धा अप्पांकडे न बघता साखर घेतली आणि उभ्या-उभ्या भावात घासाघीस केली. गादीवरून आलेल्या भावात अशी घासाघीस त्या दुकानात पूर्वी कधी झाली नव्हती. अप्पा दोन-तीनदा शपथेवर बोलले. प्रत्येक शपथेनं त्यांचा कंजूषपणा अधिक सिद्ध होत गेला.

घरात भांडण नको म्हणून महादेवीबाई शिबिराला गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा ओसरीवर ही गर्दी. लई दुखलं का, असं कोणी विचारलं नाही. किती फरक पडला, हे मात्र सगळ्यांनी एकदम विचारलं. महादेवीबाईंनी उघड्या दारातून दुकानाकडे पाहिलं. अप्पा गादीवर मान खाली घालून बसले होते.

"ह्यांच्याइतकाच," त्या म्हणाल्या.

मृत्युंजयनं तिथल्या तिथे पंच्याहत्तर टक्के जाहीर केले. अप्पांच्या पतिधर्माविषयीचा गैरसमजही त्या दिवशी दूर झाला आणि गादीवरचा भाव पुन्हा स्थिर झाला. आजही रोज संध्याकाळी बसवेश वसुलीला गेला, की शटर अर्धं खाली येतं आणि आत एकूण दीडशे टक्के फरक एकमेकाला धरून कसाबसा उभा राहतो.

नेकनूरची माणसं भोळी आहेत, हे उघडच आहे. ही हकिगत आजवर बऱ्याच शिकल्यासवरल्या मंडळींना सांगितली. सगळ्यांनी अप्पांची कीव केली, गावाला मनसोक्त हसून घेतलं, आणि मग जराशानं, इकडेतिकडे पाहून, आपल्या आईचेही गुडघे फार दुखतात असं सांगत शिबिराची पुढची तारीख विचारली. ती अजून ठरलेली नाही. ठरली की तुम्हाला कळवू.