हवा असलेला माणूस

अंकुश खोब्रागडे याला दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली, आणि ही गोष्ट त्याने बायकोखेरीज कुणालाही सांगितली नाही, कारण ती नोकरी त्याला करायची नव्हती.

नोकरी वाईट होती असं नाही. ती मौद्याला होती, एवढाच तिचा दोष. अंकुश राहायचा प्रताप नगरात, भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि काम करायचा हिंगण्याच्या एमआयडीसीत, 'थंडावा कूलर्स'च्या डिस्पॅच विभागात. घरून निघून गाणं गुणगुणायला लागावं तो गेट यायचं. मौदा म्हणजे अख्खं शहर ओलांडून भंडारा रोडने पुढे. मे महिन्यात रोज तिथं दुचाकीने जाणारा माणूस संध्याकाळी पापड होऊन परततो. तिथल्या 'गारवा एंटरप्रायझेस' या कूलरच्याच कंपनीत अंकुशचा जुना मित्र पियूष होता. त्यानेच शब्द टाकून ही नोकरी मिळवली होती, आणि ती करायची नसते हेही त्यानेच सांगितलं होतं.

"ऑफर जायासाठी नसते, भाऊ," पियूष म्हणाला. "ऑफर दाखवासाठी असते. तुह्या मॅडमसमोर ठेव अन् गप बस."

"अन् ती म्हणाली जा, तर?"

"कोणी म्हणत नाही गा. मी दोनदा केलं."

प्रेमिलाला हे पटलं नाही. "काहून जी, सरळ मागून पाहा ना," ती म्हणाली. "इतकी वर्षं राबून राहिले, मागाले कायची लाज?"

अंकुशला बायकोचं म्हणणं सभ्य वाटलं, म्हणून त्याने आधी ते करून पाहिलं. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख रितिका मॅडम पुण्याहून आल्या होत्या आणि प्रत्येक माणसाची माहिती संगणकात पाहूनच त्याच्याशी बोलत. त्यांनी अंकुशची माहिती काढली.

"तुमची गमन-शक्यता शून्य आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे तुम्ही कुठे जाणार नाही. घर जवळ, मुलीची शाळा जवळ, स्वभाव शांत. राहणाऱ्या माणसाने राहावं म्हणून पगार वाढवला, तर तो खर्च वाया गेला असं ऑडिटमध्ये निघतं."

"पण काम चांगलं आहे ना माझं?"

"त्यासाठी तुम्हाला कप दिलेला आहे."

हे खरं होतं. कपावर 'अंकूश' असं छापलेलं होतं, आणि तो नावाच्या दुरुस्तीला दिल्यापासून परत आला नव्हता.

अंकुश उठला, दारापर्यंत गेला, आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं. 'मला' म्हणायचं ठरवलेलं होतं, पण घशातून निघालं ते वेगळंच. "मॅडम, मले मौद्याची ऑफर आहे."

रितिका मॅडमनी टेबलावरच्या पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळवलं. चहा आला, तोही कागदी ग्लासात नाही, बशीसकट. आणि इतक्या वर्षांत कंपनीने पहिल्यांदाच त्याला विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना.

"मात्र नुसती ऑफर पुरत नाही," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला हेतू तपासावा लागतो. नाहीतर जाण्याची इच्छा नसलेले लोकसुद्धा जाण्याच्या धमक्या देतील."

"असं कोण करन, मॅडम," अंकुश म्हणाला आणि बशीत चहा ओतला.

हेतू तपासण्यासाठी कंपनीची प्रतिधारण समिती, म्हणजे जाणाऱ्यांना थांबवणारी समिती, त्याच आठवड्यात प्रताप नगरात आली. समितीत रितिका मॅडम आणि कंपनीचे वकील होते. प्रेमिलाने दोघांना पन्हं दिलं. वकिलांनी ते पिऊन ग्लास खाली ठेवला आणि खोल्यांची पाहणी सुरू केली.

"भिंतीवरचे फोटो जागच्या जागी आहेत," ते म्हणाले. "लोणच्याची बरणी नुकतीच भरलेली दिसते. वर्षभराचं लोणचं घालणारं कुटुंब स्थलांतर करत नाही."

"लोणचं मौद्यालेही नेता येते, साहेब," प्रेमिला म्हणाली.

वकिलांनी खिडकीकडे बोट केलं. "आणि कूलर चालू आहे."

"मे महिना आहे, साहेब," अंकुश म्हणाला.

"तेच म्हणतोय. कूलरच्या वाळ्याच्या ताट्याही नव्या घातल्या आहेत. म्हणजे उन्हाळा इथंच काढायचा बेत आहे. जो माणूस खरोखर जाणार असतो, त्याचा कूलर खिडकीत नसतो." मग त्यांनी वाकून कूलरवरचं नाव वाचलं. तो 'गारवा'चा होता. 'थंडावा'चा कूलर गळतो, हे डिस्पॅचमधल्या माणसाइतकं कुणाला माहीत असणार? अंकुशने जीभ चावली. वकील मात्र खूश झाले. "ही एक गोष्ट तुमच्या बाजूची," ते म्हणाले.

समितीने फेरतपासणीची संधी दिली. अंकुशने कूलर काढला, दोरीने बांधला आणि व्हरांड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस.

नवतप्यात नागपुरात कूलरशिवाय राहणं हे शिक्षा म्हणूनही कुणाला देत नाहीत. खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, त्या चहा गाळेपर्यंत वाळायच्या. मुलगी बादलीत पाय सोडून अभ्यास करायची. अंकुश मात्र कंपनीत रोज ट्रक भरभरून कूलर रवाना करत होता आणि घरी येऊन पुठ्ठ्याने वारा घेत होता. आणि व्हरांड्यातला बांधलेला कूलर जसा समितीला दिसायचा होता, तसा तो घरमालकालाही दिसला.

"खोल्या सोडून राहिले म्हणे," घरमालक म्हणाला.

"नाही, काका. तो फक्त ऑफिसच्या कामासाठी बांधला आहे."

"असं काय. पण मी एका पार्टीले खोल्या दाखवल्या. ते जास्त द्याले तयार आहेत. आता तुमचं काय ते पाहा."

अंकुशने काय पाहायचं? त्याने वाढीव भाडं कबूल केलं. पगारवाढ अजून व्हायची होती, ती आधीच खर्च झाली. आतापर्यंत ती मिळाली तर बरं असं होतं, आता ती मिळाल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मलेही एक ऑफर आहे," त्या संध्याकाळी प्रेमिला म्हणाली. "भावाची. उमरेडले. तिथं दोन कूलर आहेत. तुमच्या समितीले हेतू पाहायचा असन, तर बॅग भरून दाखवू काय?"

"दोन दिवस थांब वं," अंकुश म्हणाला. हे सांगताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याजवळ तिला देण्यासारखं दुसरं काही नाही.

फेरतपासणीत समितीचं पूर्ण समाधान झालं. फोटो उतरवलेले होते, कूलर बांधलेला होता, घरमालकाने साक्ष दिली, आणि प्रेमिलाच्या चेहऱ्यावर घर सोडण्याची इतकी स्पष्ट इच्छा होती, की वकिलांनी तिचा अहवालात स्वतंत्र उल्लेख केला. संगणकात अंकुशची गमन-शक्यता एकदम शिखरावर गेली.

मग मालकांचं बोलावणं आलं. मालकांना सगळे भैय्याजी म्हणत. त्यांनी अंकुशचा हात हातात घेतला.

"बेटा, तू जाऊन राहिला म्हणे. तुह्यासारखा माणूस मले कुठं भेटन?"

अंकुशचे डोळे भरून आले. तो ज्या गोष्टीसाठी नाटक करत होता ती इतक्या प्रेमाने समोर आली, की क्षणभर त्याला आपण खरोखरच निघालोय असं वाटलं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

वाढ मंजूर झाली. एकच औपचारिकता उरली होती. वाढीचा आदेश 'राजीनामा मागे घेतल्याबद्दल' या शीर्षकाखाली निघायचा होता, तेव्हा मागे घेण्यासाठी एक राजीनामा लागणार होता. अंकुशने तो रितिका मॅडमच्या संगणकावरच भरला. संगणकाने त्याची गमन-शक्यता पाहिली, अशा माणसाला थांबवण्यात अर्थ नाही हे ओळखलं, राजीनामा जागच्या जागी मंजूर केला आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या.

"आता मागे कसा घ्यायचा?" अंकुशने विचारलं.

रितिका मॅडमनी बराच वेळ बटणं दाबून पाहिली. "तुमचाच अहवाल आडवा येतोय," त्या म्हणाल्या. "एवढा पक्का हेतू असलेल्या माणसाला अडवून ठेवलं, तर ते कायद्यात बसणार नाही."

निरोप समारंभ भर दुपारी गोदामात झाला. अंकुशच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. अंकुशची जागा कुणीच भरून काढू शकणार नाही, असं भैय्याजी भाषणात म्हणाले. ती भरण्यासाठीची जाहिरात तोपर्यंत गेटवर लागली होती. तिच्यात पगार अंकुशने मागितला होता त्याहून जास्त होता.

अंकुश शाल घडी करून मौद्याला गेला. आता करायची नसलेली नोकरी करणं भागच होतं. पियूषने त्याला 'गारवा'च्या मॅनेजरसमोर बसवलं.

"थंडावाने थांबवायचा प्रयत्न केला असेल," मॅनेजर म्हणाले.

"खूप केला. मग निरोप दिला."

"म्हणजे जाऊ दिलं." मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना तुम्ही हवे होतात, म्हणून आम्हाला हवे होतात. त्यांनीच सोडलेला माणूस आम्ही कोणत्या आधारावर घ्यायचा? त्यांची काही ऑफर असेल तर घेऊन या, आपण लगेच विचार करू."

पियूष पूर्ण वेळ खिडकीबाहेरचं पाहत होता.

अंकुशने मग हिंगण्याला येऊन स्वतःच्याच जागेसाठी अर्ज केला. रितिका मॅडमनी तो आदराने वाचला.

"अनुभव तर अगदी नेमका आहे," त्या म्हणाल्या. "पण अलीकडेच तुम्ही एक चांगली नोकरी सोडलेली दिसते. सध्या आणखी कुणाची मागणी आहे का तुम्हाला?"

"नाही, मॅडम."

"मग अवघड आहे."

अंकुश गेटबाहेर कडुनिंबाखाली गाडीच्या तापलेल्या सीटवर शाल टाकून बसला. आत एक कंपनी होती, शहराच्या पलीकडे दुसरी. दोघींनाही त्याचं काम माहीत होतं, दोघींनाही ते काम करणारा माणूस पाहिजे होता. पण पहिली दुसरीकडे पाहत होती आणि दुसरी पहिलीकडे. माणूस कुणालाच नको असतो. दुसऱ्याला हवा असलेला माणूस मात्र सगळ्यांना हवा असतो. हे त्याला कळलं तेव्हा त्याला राग आला नाही, फक्त फार तहान लागली.

घरी त्याने सगळं प्रेमिलाला सांगितलं. उमरेडची बॅग अजून दाराशी होती. प्रेमिला लग्नाआधी एका मोठ्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसायची, आणि तिथला आवाज तिने अजून जपून ठेवला होता. तिने अंकुशकडून दोन्ही कंपन्यांचे नंबर घेतले आणि स्वयंपाकघरातून आधी 'थंडावा'ला फोन लावला.

"नमस्कार. मी एका नामांकित उद्योगसमूहातून बोलते आहे. श्री. अंकुश खोब्रागडे आपल्याकडे होते ना? आम्ही त्यांना पुण्याला घेतो आहोत. फक्त स्वभावाबद्दल दोन शब्द हवे होते."

मौद्यालाही तिने तसाच फोन केला, फक्त 'होते'च्या जागी 'येणार होते' म्हणाली. पुढचा कुकर लागायच्या आत भैय्याजींचा फोन आला. मागोमाग मौद्याच्या मॅनेजरांचा. अंकुशने दोघांनाही विचार करून सांगतो म्हटलं, आणि प्रेमिलाने बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात ठेवले.

विचार करायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी पियूष आला. त्याला तसाच एक फोन पाहिजे होता, दुपारच्या मीटिंगमध्ये, साहेब शेजारी बसलेले असताना. त्याच्यामागून त्याचा भाचा आला, मग एका कॉलेजातले दोन प्राध्यापक, मग कोराडी रोडवरच्या एका शाळेचा संगीत शिक्षक, ज्याला गाण्याबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं. तोंडाला स्कार्फ गुंडाळून, फक्त डोळे दाखवत रितिका मॅडमही येऊन गेल्या. "माझी गमन-शक्यता शून्य आहे," त्या हळूच म्हणाल्या. प्रेमिलाने त्यांना फीमध्ये सवलत दिली. महिनाभरात शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांत एकच नामांकित उद्योगसमूह माणसं मागत होता, आणि सगळ्यांचे पगार वाढत होते.

एका दुपारी प्रेमिला म्हणाली, "फोन मी करून राहिली. बोलणं माह्यं, आवाज माह्या. माह्या वाटा किती?"

"घरातल्या घरात कायचा वाटा वं," अंकुश मायेने म्हणाला. "आपण एक कुटुंब आहोत."

तेवढ्यात प्रेमिलाचा फोन वाजला. तिने नंबर पाहिला, पदर सावरला आणि "हो मॅडम, ऐकते आहे," म्हणत व्हरांड्यात गेली.

अंकुशला हा धंदा आतून-बाहेरून माहीत होता. फोन बहिणीचा असेल, शेजारणीचा असेल, नुसताच कानाला लावलेला असेल, हे सगळं त्याला कळत होतं. तरी तो दाराशी जाऊन उभा राहिला. ती परत आली तेव्हा त्याने विचारलं, "कोण होतं वं?"

"काही नाही," प्रेमिला म्हणाली. "विचार करून सांगते म्हटलं."

संध्याकाळच्या आत निम्मा वाटा तिच्या नावावर झाला. व्हरांड्यातला तो फोन कुणाचा होता, हे अंकुशने अजून विचारलेलं नाही.

तुम्हाला याचं हसू आलं असेल, तर येऊ द्या. फक्त एक आठवून पाहा. मध्यंतरी तुमच्या ऑफिसात, तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या त्या गप्प माणसाला एक फोन आला होता, आणि तो "हो मॅडम, विचार करतो," म्हणत बाहेर गेला होता. इतकी वर्षं तो तुमच्याजवळ बसून डबा खातो आहे. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा त्याच्यासाठी चहा सांगितलात आणि घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारलंत.

तो फोन प्रेमिलाचा होता.