वायकेरुचा कार्पेट एरिया

वायकेरु हे गाव वेलिंग्टनच्या उत्तरेस, पोरिरुआ शहराहून गाडीने तासाभराच्या अंतरावर वसलेले असून त्याचे क्षेत्रफळ चाळीस चौरस किलोमीटर आहे. २००६च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सहाशे बारा. यात मेंढ्या धरलेल्या नाहीत, कारण त्यांनी फॉर्म भरले नाहीत.

या आकड्यांनी कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण एका सकाळी आरोग्य खात्याचं पत्र आलं: जिथे चौरस किलोमीटरला वीस माणसं नाहीत, तिथला ग्रामीण दवाखाना बंद. वायकेरुत पंधरा होती. दवाखान्यात एकच नर्स, ती अनुया. आणि अनुयाचा नवरा चंद्रहास गावच्या कौन्सिलात इंजिनीअर. दवाखाना गेला की अनुयाची नोकरी जाणार आणि गावाला साध्या तापासाठी पोरिरुआ गाठावं लागणार.

मेयर ट्रेवर हवालदिल झाला. "आणखी दोनशे माणसं आणू कुठून?"

"माणसं कशाला? जमीन कमी करू," चंद्रहास म्हणाला.

तो पुण्याचा होता. कोथरूडला फ्लॅट घेताना बिल्डरने जिना, लिफ्ट आणि गच्चीवरची टाकीसुद्धा त्याच्या नावावर मोजली होती. तेव्हापासून मोजमापाच्या बाबतीत त्याचं मन जे दुखावलं, ते दुखावलंच. त्याने ट्रेवरला कार्पेट एरिया समजावून सांगितला: सतरंजी जिथवर अंथरता येते, तेवढंच खरं घर.

"तुमच्या डोंगरावर सतरंजी अंथरता येते का?"

"नाही."

"मग तो गावात कशाला?"

"स्वीट ॲज!" म्हणजे तिकडचं 'झकास!' म्हणत ट्रेवरने नकाशातल्या डोंगरावर फुली मारली. पाठोपाठ नदी गेली. घनता विसाच्या वर चढली आणि त्या आनंदात गावाने सॉसेज भाजले.

दुर्दैवाने बातमी फुटली. शेजारच्या गावांनीही आपापले डोंगर टाकून दिले. सगळीच गावं दाट झाल्यावर खात्याने अट वाढवली. चंद्रहासने कुरणं वगळली. अट पुन्हा वाढली, तेव्हा रस्ते गेले, कारण ते कॉमन पॅसेज. रग्बीचं मैदान गेलं आणि गावचा संघ आपल्याच मैदानावर पाहुणा म्हणून खेळू लागला. मग अंगणं गेली, भिंतींची जाडी गेली. कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला निघालेला माणूस आता हद्द ओलांडून परगावी जात होता, आणि बायको त्याला लवकर ये म्हणून बजावत होती.

शेवटी वायकेरु उरलं दोन हेक्टर. घनता चौरस किलोमीटरला तीस हजार सहाशे! चंद्रहास नाचायचाच बाकी होता.

"अरे, एवढ्या गर्दीला कंटाळून तर मी माहेरची मुंबई सोडली," अनुया म्हणाली.

"ही गर्दी नुसती कागदावरची आहे गं."

"आणि माझी नोकरी कशावरची आहे?"

खात्याचं उत्तर आठवड्यात आलं. 'अभिनंदन. एवढी घनता केवळ महानगरात आढळते. सबब ग्रामीण दवाखाना एक तारखेपासून बंद. रहिवाशांनी जवळच्या महानगरातील रुग्णालयात जावे.'

जवळचं महानगर वायकेरुच होतं.

शेवटच्या दिवशी अनुयाने ट्रेवरचं ब्लड प्रेशर मोजलं, ते वाढलेलं निघालं, ते वहीत लिहिलं आणि मग वही कोणाला द्यायची हेच न कळून ती रडली. चंद्रहासला स्वतःची मनापासून लाज वाटली.

जेवताना त्याने नऊ वर्षांच्या लेकीला, इराला, सगळं पहिल्यापासून सांगितलं, अगदी कोथरूडपासून. तिने घास खाली ठेवला.

"बाबा, व्हाय डिड दे काउंट द स्टेअर्स? हू लिव्ह्ज देअर?"

"कोणीच नाही गं."

"देन व्हाय डिड यू साइन?"

चंद्रहासने तिच्या ताटात आणखी भात वाढला. तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हाला उत्तर माहीत असणार. सही तुम्हीही केलेली आहे. तुम्हीच सांगा तिला.