मागच्या बोळातल्या वासाची चौकशी

कोणत्याही सुसंस्कृत घरात वास आधी माणसांना येतो आणि मग एखाद्या माणसाचा येऊ लागतो. आमचं घर सुसंस्कृत असल्यामुळे दुसरा टप्पा गाठायला आम्हांला फक्त चार दिवस लागले.

वास गटाराचा होता, याबद्दल दुमत नव्हतं. सडक्या अंड्यासारखा, मागच्या बोळात ठाण मांडून बसणारा. त्या बोळात दारं दोनच. एक काकांच्या खोलीचं, दुसरं मागच्या बाथरूमचं. या बाथरूमला गेल्या वर्षी नव्या फरशा बसवल्या आणि ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलं. (पाहुणे अजून आलेले नाहीत. फरशा तयार आहेत.) काकांनी यापुढे पुढचं बाथरूम वापरावं असं ठरलं. ठरवताना त्यांना विचारलं नव्हतं, पण कळवलं होतं.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, छापखान्यात प्रुफं तपासली, निवृत्त झाले. कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसावर संशय घेणं सोयीचं असतं, कारण तो वाद घालत नाही.

चौकशीची सूत्रं वडिलांनी हाती घेतली. ते बत्तीस वर्षं आवक-जावक विभागात होते आणि त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही. (एकही पुढे गेला नाही, असं त्यांचे जुने सहकारी म्हणतात.) त्यांनी वही आखली. तारीख, वेळ, ठिकाण, वास घेणाऱ्याचं नातं, तीव्रता. तीव्रतेच्या पायऱ्या चार: सौम्य, मध्यम, असह्य, आणि शेजारीण आली असतानाचा.

महिन्याभरात एकेचाळीस नोंदी झाल्या. अडतीस काकांच्या दारासमोरच्या. उरलेल्या तीन पुढच्या खोलीतल्या, पण त्या तिन्ही वेळी काका तिथेच पेपर वाचत बसले होते; म्हणजे वास त्यांच्याबरोबर फिरतो हेही सिद्ध झालं. काकांनी स्वतः सांगितलेल्या नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. आरोपीला नाक असलं, तरी मत नसतं.

मग उपाय सुरू झाले. माझ्या बायकोनं त्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि गादी तीन दिवस उन्हात टाकली. मी घरातला शिकलेला म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि सांगितलं, "यांना काहीही झालेलं नाही." वडिलांनी त्या चिठ्ठीवर 'अनिर्णित' असा शेरा मारला आणि ती वहीत चिकटवली.

काका दिवसातून दोनदा अंघोळ करू लागले. मग तीनदा. एकदा मी बोळातून जाताना ते शर्टाची बाही नाकाशी धरून उभे होते. मला पाहून त्यांनी हात खाली घेतला.

"येतोय का रे?"

"थोडासा," मी म्हणालो. (खोटं बोलू नये, असे आमच्यावर संस्कार आहेत.)

पुढच्याच आठवड्यात काका आत्याकडे चार दिवसांसाठी गेले. बॅगेत त्यांनी सगळेच कपडे भरले होते. चार दिवसांच्या मानानं ते जास्त वाटले, पण विचारणं बरं दिसलं नसतं.

काका गेले आणि वास वाढला. आतापर्यंत तो येऊन-जाऊन असायचा. आता कायमचा मुक्कामाला आला. "जाताना मागे ठेवून गेला," वडिलांनी निष्कर्ष काढला. बायकोच्या मते तो भिंतीत मुरला होता. म्हणून खोलीला रंगाचे दोन हात दिले. मग रंगासकट वास येऊ लागला आणि नाइलाजानं प्लंबरला बोलावलं.

प्लंबरनं वही वाचायला नकार दिला. तो बोळात उभा राहिला, दोन्ही दारांशी एकेकदा नाक नेलं आणि बाथरूममध्ये शिरला. कोपऱ्यातली जाळी उचलून त्यानं आत बॅटरी मारली.

"पाणी द्या जरा."

बायकोनं फ्रीजमधलं आणलं.

"प्यायला नको, वहिनी. बादलीभर."

त्यानं बादली जाळीत ओतली, खिडकी उघडली आणि दहा मिनिटं थांबायला सांगितलं. वास गेला.

"जाळीखाली वाकडा पाईप असतो," तो म्हणाला. "त्यात पाणी साचून राहतं, तेच बूच. वापर नसला की पाणी वाळतं आणि गटारातली हवा सरळ घरात. आठवड्याला एक तांब्या टाकत जा."

"इतकंच?" वडिलांचा आवाज खचला. वहीची साठ पानं अजून कोरी होती.

प्लंबरनं नळामागून साबणाचा एक झिजलेला तुकडा काढला. "इथं कुणीतरी मधूनमधून कपडे धूत होतं. तेवढ्यावर निभावलं आजवर. हल्लीच बंद झालेलं दिसतंय."

साबण काकांचा होता. पुढचं बाथरूम सकाळी मोकळं मिळत नसे, म्हणून ते रुमाल-बनियन इथे चोरून धूत असावेत. आमच्याच घरात, आम्हांला कळू न देता, ते आमचा वास थोपवून धरत होते. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

वडिलांनी त्यांना फोन लावला. कार्यपद्धती, नोंदी, निष्कर्ष, सगळं क्रमानं वाचून दाखवलं. "थोडक्यात, तुझ्याविरुद्ध काहीही आढळलेलं नाही. तू यायला हरकत नाही. आठवड्याला तांब्या टाकायलाही कुणीतरी हवंच आहे."



"दादा," काका म्हणाले, "परवा इथे स्वयंपाकघरात कसलातरी वास आला. ताईनं खिडकी उघडली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी इथेच बरा आहे."

वडिलांनी शेवटची नोंद केली: 'संबंधित व्यक्ती परतण्यास अनुत्सुक.' आणि वही मिटली.

ही हकीकत मी आतापर्यंत सतरा जणांना सांगितली. सगळ्यांनी मन लावून ऐकली. चौदा जणांनी प्लंबरचा नंबर मागितला. तिघांनी विचारलं, तांब्या चालेल की बादलीच हवी. काकांना आणायला कुणी गेलं का, असं एकानंही विचारलं नाही. तेव्हा तुम्हीही संकोच करू नका. आधी जाऊन आपल्या जाळीत पाणी टाकून या. मी थांबतो.